काल वाचलं, मग आज का येत नाही?

डिस्लेक्सिया असलेल्या, म्हणजे बाकी सगळं नीट समजत असूनही वाचन-लेखन अवघड जाणाऱ्या मुलांना मी वाचायला शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य कुठलं, तर "मॅडम, काल घडाघडा वाचत होती हो, आज त्याच ओळीवर अडतेय, मुद्दाम करते की काय?" मुलगा असो नाहीतर मुलगी, वाक्य तेच. मागची भीतीही तीच, की मूल आळशी आहे किंवा मग डोक्यानेच कमी आहे. इतक्यांदा हेच विचारलं जातं म्हणून आज एका मुलीबद्दल जरा सविस्तर लिहितेय, ओळख पटेल असं सगळं अर्थातच काढून टाकलंय.

तिसरीतली मुलगी. बोलायला लागली की थांबायची नाही, एकदा ऐकलेली गोष्ट पात्रांच्या आवाजासकट सांगायची, तोंडी हिशोब पटापट, पण वाचायला बसवलं की पोटात दुखायला लागायचं. आई रोज शेजारी बसून धडा वाचून घ्यायची, चुकलेला शब्द दहा-दहा वेळा लिहून घ्यायची, रागावून झालं होतं, बक्षीस देऊन झालं होतं. डोळे आणि कान तपासून झाले होते, दोन्ही व्यवस्थित. (ही तपासणी आधी करून घ्याच. पण रंगीत चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया जातो असं कुणी सांगितलं तर पैसे घालवू नका, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 सालीच एकत्र निवेदन काढून सांगितलंय की याला पुरावा नाही.)

पहिल्याच भेटीत तिने मला पुस्तकातला धडा वाचून दाखवला, जवळजवळ बिनचूक. मग मी त्याच धड्यातली चार वाक्यं क्रम बदलून कोऱ्या कागदावर लिहिली, चित्र वगैरे काही नाही, आणि कागद तिच्यापुढे ठेवला. ती गप्प. पहिल्या शब्दावरच थांबली.

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे इतके दिवस फसवत होती आम्हाला?"

"फसवत नव्हती," मी म्हटलं. "तुम्ही एकदा वाचून दाखवता ते ती ऐकते, लक्षात ठेवते आणि तुम्हाला आवडेल म्हणून तसंच परत म्हणून दाखवते. अख्खा धडा नुसता ऐकून पाठ करणं सोपं वाटतं का तुम्हाला? ती आज विसरली नाहीये. ती कालसुद्धा वाचत नव्हती."

आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आणि मी तिला मठ्ठ म्हणत होते."

हे काही नवीन नाही. 1896 साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं, हुशार मुलगा, गणित चांगलं, पण वाचन अजिबात जमेना. त्याच्या शिक्षकांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता. सव्वाशे वर्षं होऊन गेली, तरी आपण अजून अशा मुलांकडून शब्द दहा वेळा लिहूनच घेतोय!

माझं मत या बाबतीत ठाम आहे, वाचन कानापासून सुरू होतं. बोलणं मूल आपोआप शिकतं पण वाचन तसं येत नाही, ते शिकवावंच लागतं, आणि डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांची अडचण शब्दातले आवाज सुटे करण्यात असते, अक्षरं डोळ्यांना उलटी दिसतात म्हणून नाही. ज्याला शब्दातला आवाजच वेगळा ऐकू येत नाही त्याने अक्षर जोडायचं तरी कशाशी? म्हणून मी पुस्तक बंद केलं आणि तिला विचारलं, "कमळ म्हण. आता त्यातला क काढून टाक, काय उरलं?"

तिने विचार केला आणि म्हणाली, "फूल."

या एका उत्तरात सगळं होतं. तिचं मन सरळ अर्थाकडे गेलं, आवाजाकडे गेलंच नाही. तिला अर्थ उत्तम कळतो, म्हणूनच गोष्टी इतक्या छान सांगते. पुढचे काही आठवडे आम्ही फक्त तोंडी खेळलो, शब्द टाळ्या वाजवत तोडायचे, पहिला आवाज काढायचा, शेवटचा बदलायचा. वडिलांना वाटायला लागलं की फी खेळायची घेतात, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. मी म्हटलं, थोडं थांबा. ज्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "गवतातला ग काढला की वत उरतं, पण वत म्हणजे काहीच नाही," त्या दिवशी मी अक्षरं काढली.

अक्षरं शिकवताना एक गोष्ट कटाक्षाने पाळते, घ आणि ध, भ आणि म, अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या कधी एकत्र शिकवायच्या नाहीत. एक पक्कं झालं की बऱ्याच दिवसांनी दुसरं. अक्षर मोठ्ठं काढायचं, बोटाने खरखरीत कागदावर गिरवायचं आणि गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. हात, डोळा, कान, तोंड एकाच वेळी कामाला लावायची ही पद्धत अमेरिकेतले डॉक्टर ऑर्टन आणि शिक्षिका गिलिंगहॅम यांनी 1930च्या दशकात मांडली, आजही मला तिचा आधार वाटतो. आणि वाचायला फक्त शिकून झालेल्या अक्षरांचंच द्यायचं, म्हणजे अंदाज करायला जागाच राहत नाही.

काना गेला, मात्रा गेली आणि पहिल्या वेलांटीवर गाडी अडली. तिथे ती रोज रडकुंडीला यायची. मला हे सगळ्या मराठी शिक्षकांना आणि पालकांना सांगायचंय, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि तिचा आवाज मात्र अक्षरानंतर येतो. आपल्याला सवय आहे म्हणून जाणवत नाही. डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचणारं मूल इथे फसतंच, आणि ही चूक आहे असं मी मानत नाही, ते नियमाने चाललंय. मी तिला फक्त इतकंच दाखवलं की बोट आधी अक्षरावर ठेव, मग मागे ये. तिने दोन-तीनदा करून बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे ती रांगेत पुढे उभी आहे, पण तिचा नंबर नंतरचा आहे?"

मी म्हटलं, "अगदी बरोबर!" आणि लगेच एक शब्द लिहिला, मिटग. असा शब्द मराठीत नाही, मी मुद्दाम असे बिनअर्थाचे शब्द वापरते कारण ते पाठ असायची शक्यताच नसते. तिचं बोट म वर गेलं, मागे आलं, ओठ हलले. "मि… मिट… मिटग." मग माझ्याकडे बघून, "हे काय असतं?"

"काहीच नाही, मी आत्ता बनवला."

"म्हणजे हा कुणालाच पाठ नाही?"

"कुणालाच नाही."

"तरी मला आला?"

खुर्चीतून उठून ती बाहेर बसलेल्या आईकडे धावली, "आई, मला माहीत नसलेला शब्द वाचता आला!" इतक्या वर्षांच्या कामात मला जे ऐकायचं असतं ते हेच वाक्य, मूल जेव्हा आठवणं सोडून वाचायला लागतं तो क्षण त्याला स्वतःला कळतो, कुणी सांगावं लागत नाही. त्यानंतर पोटात दुखणं हळूहळू बंद झालं, त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

घरी काय करायचं, हे सगळेच विचारतात. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात, तास नको, आणि मूल थकलं की थांबा. गोष्टींची पुस्तकं तुम्ही वाचून दाखवत राहा, त्याला वाचता येत नाही म्हणून त्याचे शब्द आणि विचार कशाला अडवायचे? वर्गात अचानक उभं करून वाचायला लावू नका अशी शिक्षकांना विनंती करा. रीतसर चाचणी साधारण सात-आठ वर्षांच्या पुढे करतात पण मदतीसाठी तोपर्यंत थांबू नका. आणि घरात आई, बाबा, काका कुणाला लहानपणी हाच त्रास होता का ते आठवून बघा, हे बऱ्याचदा घराण्यात असतं. या मुलीच्या बाबतीत वडिलांनीच शेवटी सांगितलं की ते आजही मोठा मजकूर वाचायचं टाळतात. फीबद्दल बोलले होते तेच वडील आता रोज रात्री मुलीबरोबर शब्दांचे खेळ खेळतात.

"पूर्ण बरं होईल का?" या प्रश्नाला मी सरळ उत्तर देते. हा आजार नाही, त्यामुळे बरा व्हायचा प्रश्नच नाही. वाचता येईल, चांगलं येईल, पण वेग बहुधा इतरांपेक्षा कमी राहील आणि शुद्धलेखन जास्त काळ त्रास देईल. म्हणून परीक्षेत जादा वेळ मिळत असेल तर तो बिनधास्त मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ती मुलगी अजून येते. सध्या आम्ही रफारावर आहोत, तिथेही र लिहितात पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि म्हणायचा आधी. "सूर्य" बघितल्यावर तिने मला काही सांगूच दिलं नाही, म्हणाली, "थांबा, याचा नंबर कितवा ते मी शोधते."