19व्या शतकातलं अमेरिकन साहित्य म्हणजे लोकशाहीचा उत्सव, असं म्हणतात. ते कितपत खरं?

निम्मं खरं. उत्सव आहेच, पण त्याच मांडवात भांडणही चालू आहे, आणि मला ते भांडण जास्त वाचनीय वाटतं.

1855 साली कवी वॉल्ट व्हिटमननं ब्रुकलिनमध्ये स्वखर्चानं 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' हा कवितासंग्रह छापला. शीर्षकाच्या पानावर कवीचं नावच नाही. समोर नुसतं चित्र: गळ्याशी उघडा सदरा, तिरकी हॅट, एक हात कमरेवर, दुसरा खिशात. कवी म्हणजे कोटातला सभ्य गृहस्थ, ही समजूत तिथेच निकालात निघते. आत यमक नाही, ठरीव वृत्त नाही. सुतार, वेडा, वेश्या, राष्ट्राध्यक्ष एकामागून एक येतात आणि मानानुसार कुणाला वरची जागा मिळत नाही. लोकशाही इथे ओळींच्या मांडणीतच उतरली आहे. (गडी धूर्तही होता. नामवंत अमेरिकन विचारवंत इमर्सननं कौतुकाचं खाजगी पत्र पाठवलं, तर त्यातलं एक वाक्य यानं न विचारता पुढच्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापलं!)

पण त्याच यादीत एक मिश्रवंशीय मुलगी लिलावात विकली जाते आणि त्याच ओळीत एक दारुडा गुत्त्यातल्या शेगडीपाशी पेंगतो. व्हिटमन तिथे थांबत नाही, पुढच्या माणसाकडे वळतो. सगळ्यांना एका पंगतीला बसवण्याच्या नादात तिचं विकलं जाणंही इतर दृश्यांसारखं एक दृश्य होऊन बसतं, आणि हे मला दर वेळी खटकतं.

फ्रेडरिक डग्लसला असं पुढे सरकणं शक्यच नव्हतं. तो स्वतः गुलामीतून पळून आलेला. 5 जुलै 1852 ला रॉचेस्टरमध्ये स्वातंत्र्यदिनानिमित्त बोलताना तो आधी देशाच्या संस्थापकांची मनापासून स्तुती करतो, पण ते सतत 'तुमचे' पूर्वज असतात. मग श्रोत्यांनाच विचारतो, गुलामाला तुमच्या 4 जुलैचं काय? (पुढे गुलामगिरी संपली, आणि 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्या लढ्यासाठी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपल्याकडे अनेकांना माहीत असेल.)

लोकशाहीत संस्कृती कशी असावी हे बघायचं असेल, तर व्हिटमनचा 1871 चा 'डेमोक्रॅटिक व्हिस्टाज' हा निबंध बघा. मताधिकार वाढवण्यावर इतिहासकार कार्लाइलनं इंग्लंडातून केलेल्या टीकेला उत्तर द्यायला तो बसला होता, आणि लिहितालिहिता स्वतःच देशाला झोडपू लागला: मतं आहेत, रेल्वे आहे, पैसा आहे, पण समाज आतून पोकळ आणि सडका. त्यावर त्याचा उपाय साहित्य, म्हणजे दिवाणखान्यात आणि व्याख्यानांच्या सभागृहात न अडकता शेत, रंधा, इंजिनिअर, कामगार आणि बायका यांच्यापर्यंत पोचणारी संस्कृती. एवढी जबाबदारी साहित्याला पेलेल, हा मला त्याचा भाबडेपणा वाटतो. निबंध पसरटही आहे, वाक्यं संपता संपत नाहीत. वेळ कमी असेल तर डग्लसचं भाषण आधी वाचा.