चर्चमधल्या मित्राची चूक त्याला सांगावी की गप्प बसावं?

तुम्ही विचारलंय, की चर्चमधला जिवलग मित्र मंडळीतल्या तीन-चार जणांकडून उसने पैसे घेऊन बसलाय, परत द्यायचं नाव नाही, आणि विषय काढला की 'न्याय करू नका' हे वचन तोंडावर मारतो. मग बोलावं का?

बोला. पण दोघंच असताना बोला. मी नेमकं उलटं केलं होतं.

माझा एक मित्र सुटलेली दारू पुन्हा प्यायला लागला होता. त्याच्याशी बोलायचा मला धीर होईना. मग बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत मी विषय दिला, "एका भावासाठी प्रार्थना करू या. नाव घेत नाही, पण तो पुन्हा जुन्या वाटेला लागलाय." दहा-बारा माणसं, एवढीशी खोली, कळायचं ते सगळ्यांना कळलं. त्याची बायको समोरच सतरंजीवर बसली होती. तिने मांडीवरचं गीतांचं पुस्तक हळूच मिटलं आणि शेवटच्या आमेनपर्यंत मान वर केली नाही. तो पुढे वर्षभर उपासनेला आला नाही. चहाडीला 'प्रार्थनेचा विषय' म्हणायची सोय आपल्याकडे आहे, ती मी पुरेपूर वापरली.

'न्याय करू नका' हे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, सातव्या अध्यायाचं पहिलंच वचन. मित्राला म्हणावं, पुढेही वाच. तिसऱ्या वचनापासून कुसळ-मुसळ येतं, आणि तिथे भावाचं कुसळ तसंच राहू दे असं येशू म्हणत नाही. आधी तुझं मुसळ काढ, मग ते काढायला तुला नीट दिसेल, म्हणतो. तुमचेही पैसे त्याच्याकडे अडकले असतील तर तेच तुमचं मुसळ समजा आणि बोलण्याआधी ते सांगून टाका. मत्तय १८ मध्ये तर क्रमच दिलाय: आधी एकट्याने जा, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, मंडळीपुढे अगदी शेवटी. (घरात मारहाण किंवा मुलांवर अत्याचार होत असेल तर हा क्रम पुढे करून झाकाझाक करू नका, सरळ पोलिसांकडे जा.)

दावीद राजाने दुसऱ्याची बायको, बथशेबा, घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला तो श्रीमंताने हिसकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट घेऊन. राजा त्या श्रीमंतावर भडकला, तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच. हे सगळ्यांना पाठ असतं. मला त्याच्या पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. नाथानने दाविदाला सोडलं नाही. दाविदाच्या म्हातारपणी त्याच्या मुलाच्या, शलमोनाच्या, गादीचा पेच आला तेव्हाही राजाच्या खोलीत नाथान आहेच. आणि बायबलमध्ये १ इतिहास ३:५ काढून बघा, दाविदाला बथशेबेपासून झालेल्या मुलांत एकाचं नाव नाथान आहे. संदेष्ट्यावरूनच ठेवलं असं कुठे लिहिलेलं नाही, पण मला तसं मानायला आवडतं.

मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांचं एकमेकांकडे लक्ष ठेवणं तर पैशावरूनच सुरू झालं. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सभागृहाचं कर्ज फेडायला आठवड्याला एक पेनी गोळा करायचं ठरलं, गोळा करणाऱ्या एकाकडे अकरा जण. पेनी मागायला दर आठवड्याला दारात गेलं की कोणाच्या घरी काय चाललंय ते आपोआप कळायचं. त्यातूनच त्यांचे 'क्लास', म्हणजे एकमेकांची विचारपूस करणारे छोटे गट, उभे राहिले. तुम्हीही एकदाच जाऊन खडसावून येऊ नका. वही घेऊन बसा, कोणाचे किती ते त्यालाच लिहू द्या, पुढच्या महिन्यात पुन्हा जा.

मी वर्षानंतर गेलो. आधी त्या बुधवारची माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तेव्हाच घरी का नाही आलास? दोन गल्ल्या तर होत्या."

आता दर मंगळवारी जातो. कधी दारूचा विषय निघतो, कधी नुसतं क्रिकेट.