आयर्लंडचा ‘जनरल’ कोण होता? तो खरंच बँका लुटायचा का?

‘जनरल’ हे टोपणनाव, माणूस म्हणजे गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या मार्टिन काहिल. जन्म १९४९ चा, डब्लिनच्या गरीब वस्तीतला. त्याला सरसकट बँक लुटारू म्हणतात, पण त्याचे गाजलेले दरोडे बँकांवरचे नव्हतेच. १९८३ मध्ये डब्लिनच्या हॅरल्ड्स क्रॉस भागातल्या एका दागिन्यांच्या कारखान्यातून टोळीने सुमारे २० लाख पौंडांचा ऐवज पळवला.

१९८६ ची रसबरो हाउस या आयर्लंडमधल्या हवेलीतली चोरी मात्र अफलातून. टोळीने आधी मुद्दाम अलार्म वाजवला आणि अंधारात लपून बसली. पोलीस आले, काही सापडेना, अलार्मच बिघडला असेल म्हणून परत गेले. मग यांनी निवांत १८ चित्रं उचलली, त्यात जुना डच चित्रकार व्हर्मीरचंही एक! आता एवढं प्रसिद्ध चित्र विकत घेणार कोण? सात चित्रं जवळच टाकून दिली होती, ती लगेच मिळाली. व्हर्मीरचं चित्र थेट १९९३ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला सापडलं. माझ्या मते चोरी हुशारीची, धंदा आतबट्ट्याचा.

बँकेचा संबंध येतो तो १९९३ मध्ये. टोळीने नॅशनल आयरिश बँकेच्या प्रमुखाला कुटुंबासकट ओलीस धरलं होतं.

एवढं करून हा पठ्ठ्या सरकारी बेकारभत्ता घ्यायचा आणि कॅमेरा दिसला की हाताने तोंड झाकायचा! काहींना तो रॉबिनहूड वाटतो, पण त्याने टोळीतल्याच एकाचे हात खिळ्यांनी ठोकल्याचं सांगतात.

१८ ऑगस्ट १९९४ ला डब्लिनच्या रॅनला भागात गाडीतच त्याला गोळ्या घातल्या. जबाबदारी आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) या सशस्त्र संघटनेने घेतली.