फाइव्ह-वूड घेऊ की हायब्रिड?

प्रश्न पनवेलच्या एका गृहस्थांचा आहे. खारघरला सिडकोच्या मैदानावर गोल्फ खेळतात, हॅंडिकॅप 24 (आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा), बॉल उजवीकडे पळतो. बॅगेतले क्लब, म्हणजे काठ्या, अशा: ड्रायव्हर, थ्री-वूड (मोठ्या डोक्याच्या, लांब मारायच्या), तीनपासून नऊपर्यंत आयर्न (पात्यासारख्या डोक्याच्या), पिचिंग वेज, ‘शिवाय दोन-तीन वेज’ (जवळून बॉल उचलायच्या) आणि पटर (बॉल होलात ढकलायची). पैसे एकाच क्लबपुरते आहेत, तर फाइव्ह-वूड घ्यावी की हायब्रिड, म्हणजे वूड आणि आयर्न यांच्या मधली काठी?

हायब्रिड घ्या. तीन नंबरची, तोंडाचा तिरकेपणा 19 डिग्रीच्या आसपास असलेली. संपलं उत्तर. घाई असेल तर इथेच थांबा.

मला घाई नाही. या दोन काठ्यांनी माझी पंधरा दिवसांची कमाई खाल्ली आहे आणि आमच्या घरातला एक वाद वीस वर्षांहून जास्त जिवंत ठेवला आहे.

मी गुहागरकडचा. 1989 ला दहावीत गटांगळी खाल्ली आणि काकाच्या मागोमाग मुंबईला गेलो. लालबागला गावकीची खोली, भिंतीला लावलेल्या ट्रंकांच्या ओळी, आणि पहाटे पाचला काकाची लाथ. काका मुंबईतल्या एका गोल्फ-क्लबात कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा, होता (क्लबचं नाव घेत नाही, अजून तिथे आमच्या वाडीतली दोन पोरं आहेत). वूड खरोखर लाकडाच्या असायच्या तेव्हापासून तो बॅगा उचलत होता. ते लाकूड पर्सिमनचं, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या भावकीतलं झाड. पुढे 1979 ला टेलरमेडने स्टीलच्या डोक्याचा ड्रायव्हर आणला आणि हळूहळू लाकूड गेलं. काका अजून म्हणतो, धातूच्या काठीला वूड म्हणणं म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीला पाट म्हणण्यासारखं आहे.

सतरा वर्षं मी बॅगा उचलल्या. शेवटची सहा-सात वर्षं बहुतेक एकाच साहेबाच्या. माणूस वाईट नव्हता. चहा पाजायचा, गणपतीला गावी जायला उचल द्यायचा. पण टीव्हीवर जे बघेल ते आठवड्याभरात बॅगेत हवं. 2004 च्या जुलैत रॉयल ट्रूनला ब्रिटिश ओपन झाली. टॉड हॅमिल्टन नावाच्या, कुणाच्या खिजगणतीतही नसलेल्या माणसाने प्लेऑफमध्ये एर्नी एल्सला हरवलं, आणि शेवटच्या होलला ग्रीनच्या (होलाभोवतीच्या आखूड गवताच्या) अलीकडून हायब्रिडने बॉल असा ढकलत नेला की होलपाशी दोनेक फुटांवर राहिला. साहेबाने ते पाहिलं. त्याच दिवशी मला कळून चुकलं की आता बॅगेत पाहुणा येणार.

मी सांगून पाहिलं होतं. साहेबाचा बॉल आधीच डावीकडे वळायचा. हायब्रिडचा स्वभावही डावीकडचाच असतो, दांडा आखूड, डोकं जरा उभं बसतं. फाइव्ह-वूड मात्र साहेबाच्या हातात देखणी चालायची, उंच जाऊन ग्रीनवर अलगद बसायची. म्हटलं, साहेब, तुम्हाला ही नको. साहेब म्हणाला, तू बॅग उचल.

डिसेंबरात क्लबची मेडल स्पर्धा होती. सकाळी बॅग-रूममध्ये मी क्लब मोजले, चौदा (याहून जास्त चालत नाहीत). देवाशप्पथ चौदा. बॅग पहिल्या टीपाशी (जिथून होलचा पहिला फटका मारतात) उभी केली आणि टॉवेल भिजवायला नळावर गेलो. परत आलो तर साहेब आलेला, हातमोजा चढवत होता. मी ओला टॉवेल बॅगेच्या तोंडावर टाकला आणि निघालो. टॉवेलखाली काय आहे ते पाहिलं नाही. टॉवेल मीच टाकला.

पहिला होल नीट गेला. दुसरा पार-फाइव्ह, म्हणजे पाच फटक्यांत पुरा करायचा. दुसऱ्या शॉटला साहेबाने स्वतः बॅगेत हात घातला आणि एक छोट्या काळ्या डोक्याची काठी बाहेर काढली. सोलवर, म्हणजे डोक्याच्या तळाला, 3 चा आकडा, चकचकीत, त्यावर गवताचा एक ओरखडाही नव्हता. मला वाटलं, फाइव्ह-वूड गाडीत ठेवून ही आणली असेल. माणूस एक आणतो तेव्हा एक काढतो, असा माझा तेव्हा समज होता. बॉल डावीकडे, पर्जन्यवृक्षाच्या बुंध्यात. मी तोंड बंद ठेवलं.

तिसरा होल लांबचा पार-थ्री. साहेब म्हणाला, फाइव्ह-वूड दे.

आता हात टॉवेलखाली गेला आणि बोटांना तिचं नेहमीचं, बोंडापाशी उसवलेलं कव्हर लागलं. माझ्या पोटात खड्डा पडला. ती आत होती. कव्हर न काढता मी तशीच उभी धरली. साहेबाचे फटके लिहायचं कार्ड ज्यांच्याकडे होतं ते म्हातारे गृहस्थ चष्मा नाकावर सरकवत जवळ आले आणि बोट लावत एकेक क्लब मोठ्याने मोजायला लागले. चौदाच्या पुढे त्यांनी आणखी एक आकडा म्हटला.

तुम्ही खेळता, तेव्हा पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. जास्तीचा क्लब घेऊन खेळलेल्या दर होलला दंडाचे दोन स्ट्रोक (फटके), राउंडभरात जास्तीत जास्त चार. दोन होल झाले होते, म्हणजे पुरते चार. शिवाय एक क्लब तिथेच खेळातून बाद करायचा. साहेबाने हायब्रिड माझ्या छातीवर टेकवली. ‘गिनना नहीं आता क्या? ले जा इसको, अपने गाँव ले जा.’ मग फाइव्ह-वूड घेतली आणि बॉल ग्रीनवर असा ठेवला की आजही डोळ्यांसमोर आहे. संध्याकाळी कप दोन स्ट्रोकने गेला.

कॅडीमास्तरने मला पंधरा दिवस बसवलं. एका शब्दाने विचारलं नाही.

खोलीवर काका पोराची समजूत काढेल, असं मला वाटलं होतं. काका जेवता जेवता म्हणाला, ‘मेल्या, बॅग तुझ्या खांद्यावर, तर आकडा तुझ्या तोंडावर.’ मी म्हटलं, नियम वाच, चौदाची जबाबदारी खेळाडूची. काका म्हणाला, नियम खेळाडूसाठी लिहिलेत, तू कोण? आजतागायत हा वाद मिटलेला नाही. लग्नात, बारशात, शिमग्याला पालखी नाचवून घरी आल्यावर, कुठेही निघतो. आमच्या बायकांनाही आता दंडाचे स्ट्रोक तोंडपाठ आहेत.

मी 2006 ला गाव धरलं. हायब्रिड सोबत आणली. साहेबाने ‘गावी ने’ म्हटलं होतं, ते मी शब्दशः घेतलं.

तेव्हा जे सांगतोय ते याच एका काठीवरून. आमच्याकडे गोल्फचं मैदान नाही. वरती सडा आहे, तिथे कातळावर क्लब लावलात तर खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात आणि सोलचा पत्रा सोलून निघतो. पण ओहोटीला गुहागरचा किनारा पाहा. पाणी मागे गेलं की ओली वाळू अशी घट्ट बसते की त्यावरून सायकल चालवावी. सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत माणूस नसला (सकाळी सहाला नसतोच), की मी चार जुने बॉल टाकतो. पोरगा पुढे उभा राहतो, कुर्ल्यांच्या बिळातून बॉल उकरायला. स्कॉटलंडमध्ये हा खेळ समुद्राकाठच्या वाळूवरच वाढला, तेव्हा आम्ही काही आक्रीत करत नाही.

त्या घट्ट वाळूवर बॉलखाली बोटभरही जागा नसते. गावातल्या एका चाकरमान्याने एकदा फाइव्ह-वूड आणली होती. रुंद सोल वाळूवर आपटून वर उसळायची आणि बॉलच्या डोक्यावर बसायची. बॉल बेडकासारखा टुणटुणत चाळीस पावलं. हायब्रिडचं डोकं अरुंद, दांडाही फाइव्ह-वूडपेक्षा दीडेक इंच आखूड. ती आयर्नसारखी थोडी वरून खाली आली तरी चालते, बॉल आधी, वाळू नंतर. दांडा आखूड म्हणजे बॉल मधोमध लागायची शक्यता जास्त, आणि 24 हॅंडिकॅपला दुसरं काय हवं असतं?

दुपारी खारे वारे सुटले की आणखी फरक कळतो. फाइव्ह-वूडचा बॉल उंच चढतो आणि समोरच्या वाऱ्यात लटकतो. हायब्रिडचा खालून जातो. 2009 च्या पीजीए चॅम्पियनशिपला यांग योंग-उनने शेवटच्या होलला दोनशे यार्डांच्या वरून हायब्रिड मारली आणि टायगर वूड्सला हरवलं. टीव्हीवर ते परत परत दाखवत होते आणि मी सासुरवाडीला बसून एकटाच टाळ्या वाजवत होतो. मेव्हणा म्हणाला, भावोजींना काय झालं?

तुमचा बॉल उजवीकडे पळतो, म्हणजे साहेबाचा दोष तुम्हाला नाही. हायब्रिडचा डावा स्वभाव तुमच्या पथ्यावर पडेल. आणि पावसात खारघरच्या डोंगरांनी अडवलेलं पाणी जेव्हा रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) उतरतं, तेव्हा त्या ओल्या गवतात मोठ्या डोक्याची वूड घालून बघा. गवत दांड्याला मिठी मारतं.

आता दुसरी बाजू, नाहीतर कुणीतरी खाली लिहीलच. स्वच्छ फेअरवेवरून (मधल्या कापलेल्या गवतावरून), ज्याची स्विंग झाडू मारल्यासारखी सपाट आहे त्याला वूडच बरी. बॉल सहज चढतो, ग्रीनवर थांबतो. चिखलट जमिनीत वूडची रुंद सोल घसरून निभावून नेते, तर वरून घाव घालणाऱ्याची हायब्रिड मातीत रुतते. डस्टिन जॉन्सनने 2020 ची मास्टर्स जिंकली तेव्हा त्याच्या बॅगेत सेव्हन-वूड होती, तेव्हा ‘वूड म्हाताऱ्यांसाठी’ असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. तुमची थ्री-वूड जमिनीवरून नीट उडत असेल तर माझं सगळं उत्तर उलटं धरा. पण ती उडत असती तर तुम्ही हा प्रश्न विचारला नसता. आणि दुकानदाराला विनंती करून दोन्ही दहा-दहा बॉल मारून बघा, काठी कितीही नावाजलेली असली तरी हात तुमचा आहे. मी स्वतः पुऱ्या मैदानावर खेळलो ते फक्त कॅडींना खेळू द्यायच्या सोमवारी, तेही उसन्या स्टिकांनी, हेही सांगून टाकतो.

काय घ्यायचं यात माणसं महिना घालवतात. काय काढायचं ते कुणी विचारत नाही. साहेबाचंही तेच झालं, त्याला दोन्ही हव्या होत्या. तुम्ही तीन नंबरची आयर्न काढा. ती तुम्ही मारत नाही, मला माहीत आहे. तिचा सोल तुमच्या पटरपेक्षा स्वच्छ असणार. काढून गाडीत ठेवू नका, घरी ठेवा. माळ्यावर. गाडीतली काठी परत बॅगेत येते.

माझी हायब्रिड आता पडवीत, कोयतीच्या शेजारी टांगलेली असते. खाऱ्या हवेने दांड्यावर तांबूस ठिपके आलेत, सोलवरचा 3 वाळूने पुसला गेलाय. कलमांवर वानरं आली की बायको ती हातात घेऊन अंगणात उभी राहते. स्विंग माझ्यापेक्षा चांगली आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर काकाला वाचून दाखवलं. ऐंशीला टेकलाय, ऐकू कमी येतं, पण टॉवेलपाशी आलो तेव्हा हसला. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, ‘त्या पनवेलवाल्याच्या बॅगेत आत्ता किती आहेत? दोन वेज की तीन? मोजलंस?’

नाही मोजलं. किती आहेत हो?