जर्मनीत तुमचं काम कोण करतं, ते आधी पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी., औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, चार वर्षं, आता जर्मनीत यायचंय; तर चान्सेनकार्टे या नोकरी शोधण्यासाठीच्या परवान्यावर यावं की इथे पुन्हा एक मास्टर्स करावं? माझं उत्तर: एवढ्यात दोन्ही नको. आधी तिथूनच अर्ज करा. मात्र कुठल्या जागांसाठी करायचे, ते नीट ठरवून.

जर्मन कंपनीत एचपीएलसी या पृथक्करणाच्या यंत्रासमोर रोज जो बसतो, तो बहुधा एम.एस्सी. नसतो. तो लॅबोरांट असतो. शाळा संपल्यावर साडेतीन वर्षं कंपनी आणि व्यावसायिक शाळा असं दोन्हीकडे शिकून तयार झालेला, हाताचा पक्का माणूस. त्याच्या वर जो प्रयोगशाळाप्रमुख असतो तो पीएच.डी., कारण इथे रसायनशास्त्रात मास्टर्स केलेले बहुतेक जण पुढे पीएच.डी. करतातच. नुसता एम.एस्सी. मग धड इकडे ना तिकडे. एका कंपनीला तुम्ही जास्त शिकलेले वाटता, दुसरीला कमी, आणि नकार दोन्हीकडून येतो. सल्लागार लोक हे सांगत नाहीत, कारण त्यांची फी प्रवेशावर ठरते, नोकरीवर नाही.

म्हणून मी तुम्हाला आधी पीएच.डी.चा विचार करायला सांगेन. इथे ती नोकरी असते. फी भरून शिकायची गोष्ट नव्हे. जाहिरात निघते, मुलाखत होते, करार होतो, पगार आणि आरोग्यविमा मिळतो. विद्यापीठात पगार टीव्ही-एल नावाच्या तक्त्यातल्या ई-13 श्रेणीने ठरतो, पण जाहिरातीत पुढे टक्केवारी लिहिलेली असते, ती वाचा. रसायन आणि जीवशास्त्रात 50 ते 67 टक्के सर्रास दिसतं, इंजिनिअरिंगकडे 100 टक्केही. 2025 मध्ये पूर्ण ई-13ची पहिली पायरी महिना साधारण 4,600 युरो होती. 65 टक्क्यांवर ते 3,000 होतात आणि कर, विमा वगैरे कापून एकट्या माणसाच्या हातात दोन हजारांच्या आसपास पडतात. काम अर्थात पूर्ण वेळेचंच असतं, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

तुमच्या चार वर्षांचा इथे एक फायदा आहे. कामाशी संबंधित अनुभव धरला तर सुरुवात पहिल्याऐवजी दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर होऊ शकते. ही मागणी सही करण्याआधी करायची. नंतर मनुष्यबळ विभाग ढिम्म हलत नाही.

तुमच्या विषयाला फक्त विद्यापीठंच पाहू नका. बर्लिनची बीएएम ही पदार्थांच्या संशोधनाची आणि चाचणीची संस्था, पर्यावरणातल्या रसायनांवर काम करणारं लाइप्त्सिगचं यूएफझेड, उपयोजित संशोधन करणाऱ्या फ्राउनहोफरच्या संस्था, अशा ठिकाणी पृथक्करणाची जाण असलेला माणूस लागतो. फ्राउनहोफरचं बरंचसं काम उद्योगांच्या पैशावर चालतं, त्यामुळे तिथून कंपनीत जाण्याची वाट जवळची. जाहिराती त्या त्या संस्थेच्या साइटवर, युरॅक्सेस आणि जॉबव्हेक्टर या नोकऱ्यांच्या साइटवर मिळतील.

प्राध्यापकांना थेट ईमेलही करता येते, पण 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅब' हे वाक्य कृपा करून नको. माझ्या गटप्रमुख बाईंकडे अशा मेल येतात. त्या पहिली ओळ वाचतात आणि कचऱ्यात टाकतात. अर्ध्या मेलमध्ये तर त्यांना 'सर' म्हटलेलं असतं. त्याऐवजी सात-आठ ओळी लिहा. त्यांच्या अलीकडच्या एखाद्या पेपरमधली नेमकी अडचण, ती तुम्ही कशी हाताळली असती, आणि तुमच्या हातात कोणतं तंत्र आहे. मुलाखतीत तुम्हाला वीसेक मिनिटं स्वतःच्या कामावर बोलायला लावतील. क्यूसीतला एखादा ओओएस (मर्यादेबाहेरच्या निकालाचा) तपास नीट उभा करून सांगितलात, म्हणजे निकाल मर्यादेबाहेर का गेला, कशाकशावर संशय घेतला, काय सिद्ध झालं, तर तो कॉलेजच्या प्रोजेक्टपेक्षा भारी पडतो.

पीएच.डी. नकोच असेल, तर क्यूसी-क्यूए (गुणवत्ता तपासणी आणि गुणवत्ता हमी) हाच रस्ता, आणि त्याला जर्मन भाषा बी-2 पातळीची हवी. संशोधनात इंग्रजीवर निभावतं. कारखान्यात बॅच रेकॉर्ड, एसओपी (कामाच्या ठरलेल्या पद्धती), विचलनाचे अहवाल बहुतेक ठिकाणी जर्मनमध्ये असतात. बी-1 वर मुलाखत निघेल, ऑडिट निघणार नाही.

बायोडेटा दोन पानांचा आणि कामाच्या भाषेत लिहा. 'एचपीएलसीचे ज्ञान' हे सगळेच लिहितात. 'एम्पॉवर सॉफ्टवेअरवर आयसीएच क्यू-2 प्रमाणे मेथड व्हॅलिडेशन, स्टॅबिलिटीचे नमुने, ओओएस तपास' असं लिहिलंत की वाचणाऱ्याला तुम्ही कुठल्या टेबलावर बसू शकता ते कळतं. आणि राजीनामा देण्यापूर्वी कंपनीकडून सविस्तर अनुभवपत्र घ्या. जर्मन मालक प्रत्येक जुन्या नोकरीचं असं पत्र मागतो. त्यात कामं, उपकरणं, वागणूक सगळं असतं. आपल्याकडचं 'अमुक ते अमुक तारखेपर्यंत कार्यरत होते' हे दोन ओळींचं पत्र त्याला काहीच सांगत नाही. मसुदा तुम्हीच करून द्या, सही तेवढी त्यांची.

आता परवाना. आनाबीन या सरकारी यादीत तुमच्या विद्यापीठापुढे एच-प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का आणि तुमची पदवी समतुल्य धरली आहे का, दोन्ही पाहा. पदवी यादीत नसेल तर झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या कार्यालयाकडून मूल्यमापन करून घ्यावं लागतं. रसायनतज्ज्ञाला फार्मासिस्टासारखा व्यवसायपरवाना लागत नाही, हे सुख आहे. ब्लू कार्ड या उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यासाठी 2025 मध्ये वार्षिक पगाराची अट 48,300 युरो होती, पण शास्त्रज्ञ टंचाईच्या यादीत असल्याने त्यांना 43,759.80 पुरत. आकडा दरवर्षी बदलतो. पद लॅबोरांटचं असेल तर ही सवलत मिळत नाही; मग पदवीधरांचा साधा कुशल कामगार परवाना, तोही चालतो.

चान्सेनकार्टे 1 जून 2024 पासून सुरू झालं. वर्षभर राहून नोकरी शोधा, आठवड्याला 20 तास काम करा. पण 2025 च्या हिशेबाने महिना 1,091 युरो आधीच दाखवावे लागत, आणि जर्मनशिवाय ते वर्ष भुर्रकन जातं. बी-1 झाली, मुलाखती यायला लागल्या, तर अवश्य घ्या. पुन्हा मास्टर्स मात्र विषय बदलायचा असेल तरच, उदाहरणार्थ बायोइन्फॉर्मेटिक्सकडे वळायचं असेल. त्याच विषयात दुसरी पदवी म्हणजे दोन वर्षं जाऊन पुन्हा त्याच मधल्या जागेत.

एक अजून. अर्जात पगाराची अपेक्षा आणि रुजू होण्याची तारीख विचारतात. पगाराचा वार्षिक ढोबळ आकडा द्या, 'निगोशिएबल' लिहू नका. तारखेला तुमचा नोटिस पीरियड आणि व्हिसाचा वेळ मिळवून खरी तारीख लिहा. इथल्या नोकरदारांचाही नोटिस पीरियड बऱ्याचदा तीन महिन्यांचा असतो, त्यामुळे चार-पाच महिन्यांनंतरची तारीख पाहून कोणी दचकत नाही.