फिर्याद देण्याआधी

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

आईच्या पाटल्या आणि देवघरातली चांदीची निरांजनं गेली, त्याहून ती कोणी नेली असावीत याचा तुला जास्त त्रास होतो आहे, हे तुझ्या आवाजावरूनच कळलं. तेव्हा आई ताईच्या बाळंतपणाला मुंबईत, तू नोकरीला पुण्यात, आणि घराची किल्ली लहानपणापासूनच्या मित्राकडे. आपल्याकडे कितीतरी घरं अशीच सांभाळली जातात. चाकरमानी गणपतीला येणार, शिमग्याला येणार, मधल्या काळात कोणीतरी देवाला दिवा लावायचा, पडवी झाडायची, पावसात कौलं बघायची. तेव्हा किल्ली दिलीस यात तुझी काही चूक नाही. "तूच दिलीस ना किल्ली, मग आता कशाला बोलतोस?" असं वाडीतलं कोणीतरी म्हणेलच. ते मनाला लावून घेऊ नकोस. घराची किल्ली दिली म्हणून कपाटातलं सोनं दिलं, असं कायदा मानत नाही.

माझं मुख्य सांगणं असं की काय गेलं याची नोंद आजच्या आज कर, पण मित्राचं नाव लिहून फिर्याद देण्याआधी आईशी बसून नीट बोल. ते बोलणं एक-दोन दिवसांत उरक. आठवडेच्या आठवडे गेले की "इतके दिवस गप्प का बसलात?" हा प्रश्न उलटतपासणीत हमखास येतो. आणि विचार करायला सांगते आहे याचं कारण असं की या गुन्ह्यात फिर्याद मागे घेता येत नाही. ती घेता येते असं बहुतेकांना वाटतं. "आधी देऊन तर ठेवू, वस्तू मिळाल्या की मिटवू," असं म्हणत लोक पोलीस ठाण्यात जातात आणि मग वर्षानुवर्षं तारखांना हेलपाटे घालतात.

हे असं का, ते समजून घे. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ मध्ये साधी चोरी येते, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. राहत्या घरातली चोरी कलम ३०५ मध्ये येते, तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंडही. जिथे माल साठवून ठेवतात ती इमारतही याच कलमात आहे, म्हणजे काजू बी ठेवायची खोली फोडली तरी हेच कलम. साधी चोरी वस्तूचा मालक आरोपीशी तडजोड करून मिटवू शकतो. घरातली चोरी मात्र तडजोडीच्या यादीतच नाही, त्यामुळे ती लोकअदालतीतही मिटत नाही. दोघांचं पटलं तरी गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी ऑगस्ट २०२५ पासून ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे, म्हणजे उच्च न्यायालयाच्या तिथल्या फिरत्या पीठापुढे होतं. मुंबईपेक्षा जवळ झालं हे खरं, पण वकील आणि खर्च आलाच.

किल्ली विश्वासाने सोपवली होती, म्हणून कोणी कलम ३१६, म्हणजे फौजदारी विश्वासघात, हेही सुचवेल. त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे आणि न्यायालयाच्या परवानगीने तो मिटवता येतो. पण कलम कोणतं लावायचं ही काळजी तू करू नकोस. घडलं ते जसंच्या तसं सांग: किल्ली कशासाठी दिली होती, कपाटाची किल्ली वेगळी होती का, ती कुठे ठेवलेली असायची, ते त्याला ठाऊक होतं का. कलम त्यातून आपोआप ठरतं.

आता नोंदीबद्दल. खरं काम इथेच आहे आणि लोक इथेच ढिले पडतात.

आईला सांग, कपाट आवरायचं नाही, पुसायचं नाही. आहे तसे फोटो काढ. कुलूप फोडलेलं आहे की किल्लीने उघडलेलं आहे, ते फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे. मग वहीत एकेक वस्तू लिही. "सोन्याच्या पाटल्या २" एवढ्याने भागणार नाही. उद्या जप्त झालेल्या मुद्देमालात तशाच चार पाटल्या असतील, आणि पंचांसमोर आईला "ह्या माझ्या" असं खात्रीने सांगता आलं पाहिजे. नक्षी कुठली होती, आतल्या बाजूला सराफाची छाप होती का, एक पाटली वाकून कधी दुरुस्त केली होती का, तो सांधा बोटाला लागायचा का, हे सगळं आईला विचार. बायकांना हे बारकावे पक्के आठवतात, फक्त शांतपणे विचारावं लागतं. लग्नामुंजीच्या फोटोंत आईचे हात दिसत असतील ते फोटो बाजूला काढ. सराफाची पावती शोध. दागिना अलीकडचा असेल तर त्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्कचा एचयूआयडी क्रमांक असतो, पावतीवर किंवा आईच्या जुन्या डबीतल्या चिठ्ठीवर तो सापडू शकतो. जुन्या दागिन्यांवर तो नसतो, तिथे फोटो आणि सराफाची साक्ष कामाला येते.

तुझ्या-त्याच्या व्हॉट्सॲपवरचं काहीही पुसू नकोस, फोनही बदलू नकोस. "किल्ली मिळाली", "काल दिवा लावला" असे साधे मेसेजसुद्धा पुढे महत्त्वाचे ठरतात, त्यातून तो कधी घरात होता ते कळतं. न्यायालयात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नकोस.

मित्राशी बोलायचं की नाही, हे तू विचारलंस. बोलावंसं वाटत असेल तर एकदाच बोल, दिवसाउजेडी, कोणीतरी वडीलधारं सोबत घेऊन. आवाज चढवायचा नाही. त्याच्या घरात घुसून पेट्या उघडायच्या नाहीत. तसं केलंस तर गृहअतिक्रमणाचा गुन्हा तुझ्यावर दाखल होईल आणि चोरी राहील बाजूला. "इतके पैसे दे, नाहीतर पोलिसांत जातो" हे तोंडून किंवा मेसेजमधून कधीच जाता कामा नये, त्यात खंडणीचा आरोप होऊ शकतो. त्याने आपणहून वस्तू आणून दिल्या तर घे. दोन माणसांसमोर घे, तिथेच फोटो काढ, वजन करून घे, आणि पोच फक्त "या वस्तू मिळाल्या" एवढीच लिही. "मी तक्रार करणार नाही" असं कागदावर लिहून देऊ नकोस. वस्तू परत घेण्याच्या बदल्यात गुन्हा दडवण्याचा करार करणं कायद्याला मान्य नाही.

वाडीत दोन सल्ले नक्की मिळतील. एक, देवाला गाऱ्हाणं घालून कौल लावायचा. गाऱ्हाणं जरूर घाल, आईला त्याने धीर येईल, आणि आपली श्रद्धा आपल्यापाशी. पण कौलावरून किंवा कुण्या देवऋषाच्या सांगण्यावरून कोणाला चोर ठरवू नकोस. पोलिसांपुढे आणि न्यायालयात त्याला काडीचीही किंमत नाही, आणि नाव चुकीचं निघालं तर एक घर उद्ध्वस्त होतं. दुसरा सल्ला, गावकीत घ्या. तंटामुक्त समितीने किंवा पोलीस पाटलांनी दोघांना समोर बसवलं तर हरकत नाही. पण "त्या घराशी कोणी बोलायचं नाही" असा ठराव होत असेल तर तिथून उठ. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, बहिष्कारात भाग घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय त्याच्या आईबापांनी काय केलं आहे? वाडीच्या ग्रुपवर "चोर" म्हणून त्याचा फोटो टाकणं तर अजिबात नको. त्याने अब्रुनुकसानीची केस केली तर तुझीच धावपळ होईल.

फिर्याद द्यायचं ठरलं तर ती आईनेच द्यावी, दागिने तिचे आहेत. तू सोबत जा. मित्राबद्दल "त्याने चोरले" असं लिहू नका, "किल्ली यांच्याकडे होती, आमचा त्यांच्यावर संशय आहे" एवढंच लिहा, कारण तुम्ही दोघांनी डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही. कोणी सांगेल, माल पाच हजारांच्या आतला असला की अदखलपात्र नोंद होते, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. ती तरतूद कलम ३०३ पुरती आहे. राहत्या घरातल्या चोरीला रकमेची अट नाही, तो दखलपात्र गुन्हा आहे. ठाणे अंमलदारांना हे नम्रपणे सांग. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलं आहे. तरीही नोंद झाली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठव, पोच जपून ठेव. तिथेही काही हाललं नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती न घेता घरी येऊ नका. आणि नव्वद दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणं पोलिसांना बंधनकारक आहे.

दुसऱ्या दिवशी त्याला बेड्या पडतील अशी अपेक्षा ठेवू नकोस. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस बहुतेकदा आधी नोटीस देऊन बोलावतात. याचा अर्थ त्यांनी पैसे खाल्ले असा होत नाही. वेळ लागतो तो सोनं शोधायला. आपल्या भागात असं सोनं बऱ्याचदा विकलं जात नाही, पतसंस्थेत सोनेतारणाला जातं. तिथे तारणाची नोंद असते, वजन असतं, कर्ज घेणाऱ्याची कागदपत्रं असतात. तू जाऊन काउंटरवर भांडलास तर तुला काहीच सांगणार नाहीत. तपास अधिकाऱ्याचं पत्र गेलं की नोंद मिळते. म्हणून त्यांना लेखी विनंती कर की तालुक्यातल्या सोनेतारण करणाऱ्या संस्थांकडे आणि सराफांकडे विचारणा व्हावी. सोनं जप्त झालं की ते खटला संपेपर्यंत पोलीस ठाण्यातच पडून राहायला हवं असं नाही. न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे लेखी हमीवर, ते आईला परत घेता येतं, अट एवढीच की ते विकायचं नाही, मोडायचं नाही, आणि बोलावलं की हजर करायचं.

फिर्याद नकोच असं आईने ठरवलं तर दिवाणी दावा उरतो. ती वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे कळल्यापासून तीन वर्षांच्या आत तो लावता येतो. पण दिवाणी न्यायालय वस्तू शोधून देत नाही, ते काम पोलिसांचं. सोनं कुठे आहे तेच माहीत नसेल तर हा रस्ता फारसा कामाचा नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

त्याचं आयुष्य बरबाद होईल, ही तुझी भीती मला समजते. तशी भीती तुला वाटते म्हणूनच मी एवढं लांबलचक लिहिते आहे. पहिलाच गुन्हा असेल तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली न्यायालय समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं, भरपाई द्यायलाही लावू शकतं. आरोपीला गुन्हा कबूल करून, तुमची भरपाई ठरवून कमी शिक्षा मागण्याची सोयही आहे, त्यात तुमचं म्हणणं ऐकलं जातं. म्हणजे फिर्याद दिली की तो थेट तुरुंगातच जातो असं नाही. आणि एक गोष्ट, त्याने हे जुगारापायी केलं की घरच्या आजारपणापायी, ते शोधून काढायची जबाबदारी तुझी नाही. ते त्याला न्यायालयात सांगता येईल.

आईला वकिलाच्या फीची चिंता वाटत असेल तर सांग, स्त्रियांना उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच समितीची कचेरी असते, आणि १५१०० वर फोन केला तरी चालतो.

सोमवारी दुपारी मी कोर्टात आहे. वही, फोटो आणि पावती असेल तर ती घेऊन दोघं या. आधी कुलूप मात्र बदलून घ्या, मागच्या दाराचंसुद्धा.

तुझी,
वकीलकाकू