दरवर्षी भरावी लागते, ती एफडी नव्हे

लातूरहून एका 27 वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. डाळ मिलमध्ये हिशेब लिहितात, पगार 19,000. लहानपणापासून घरी कारवान कुत्री, त्यामुळे कुत्र्यांचा लळा आणि समज दोन्ही आहे. शेजाऱ्यांचा अंगावर धावून येणारा लॅब्रॅडॉर त्यांनी दोन महिन्यांत वळणावर आणला, तेव्हापासून कॉलनीतले लोक बोलावू लागले. आता नोकरी सोडून श्वान प्रशिक्षक व्हायचं म्हणतात. पुण्यात 21 दिवसांचा निवासी कोर्स आहे, फी 1,45,000. संस्थेने "महिना 60 हजार नक्की" असं सांगितलं आहे. प्रश्न एवढाच: "बाबांनी बँकेत एफडी केली आहे, दरवर्षी 3 लाख, 10 वर्षं भरायची. तिच्यावर कर्ज काढून फी भरू का?"

कोर्सचं नंतर बोलू. दरवर्षी 3 लाख भरावे लागतात अशी एफडी कुठल्याही बँकेत नसते. एफडीत पैसे एकदा ठेवतात. तुमच्या वडिलांच्या गळ्यात विमा पॉलिसी मारली आहे.

पत्रात खाली तुम्ही लिहिलंय की, वडील 58व्या वर्षी एस.टी.तून निवृत्त झाले, फंड आणि ग्रॅच्युइटीचे मिळून 14 लाख दीड महिन्यापूर्वी खात्यात आले आणि त्याच आठवड्यात बँकेतल्या माणसाने त्यांना केबिनमध्ये बसवून चहा पाजला. "कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा," असंही सांगितलं. हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की आता संताप येतो. त्या फोनवर कंपनी विचारते, ही विमा पॉलिसी आहे हे तुम्हाला माहीत आहे का, हप्ता किती वर्षं भरायचा हे कळलं का. माणूस "हो" म्हणतो आणि त्याचं रेकॉर्डिंग पुढे त्याच्याच विरोधात वापरलं जातं.

आता हिशेब बघा. 14 लाखांतून 3 गेले, उरले 11. आणखी तीन हप्ते भरले की हातात 2 लाख. पाचवा हप्ता कुठून आणणार? तीन एकर सोयाबीनमधून? आणि समजा सगळे 30 लाख भरलेच, तर माहितीपत्रकानुसार 20 वर्षांनी 58 लाख मिळणार. म्हणजे वर्षाला सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. तोवर वडील 78 वर्षांचे झालेले असतील. या पॉलिसीवर आज कर्जही मिळणार नाही, कारण पहिल्या वर्षात तिला सरेंडर किंमतच, म्हणजे मध्येच बंद केली तर हातात पडणारी रक्कमच, नसते.

तरीही तुमचं पत्र वाचून मला हायसं वाटलं, ते एका ओळीमुळे. "पॉलिसीचं पाकीट गेल्या आठवड्यात पोस्टाने आलं, आईने हळदकुंकू लावून कपाटावर ठेवलंय, अजून फोडलं नाही." ते पाकीट आज फोडा. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. जितके दिवस विमा होता तितक्या दिवसांच्या विमा संरक्षणाची किंमत, स्टॅम्प ड्युटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी हप्ता परत मिळतो. 3 लाखांत ही कपात किरकोळ असते.

एक धोका आहे. पॉलिसीची पीडीएफ ई-मेलवर आधीच आली असेल, तर कंपनी 30 दिवस तिथून मोजू शकते. अर्जात ई-मेल कुणाचा टाकलाय ते पाहा. वडिलांना ई-मेल नाही म्हणून बँकेतल्या माणसाने स्वतःचाच किंवा मनाने कुठला तरी टाकला, असं मी पाहिलं आहे.

अर्ज वडिलांच्या सहीचा हवा. त्यात साधं लिहा: "एफडी आहे असं सांगून विकली, मला ही पॉलिसी नको, फ्री-लूकखाली रद्द करून पैसे परत द्या." मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडा, सगळ्याची झेरॉक्स ठेवा. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्या, बँकेत नको, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. बँकेतला माणूस घरी येईल, "एक वर्ष थांबा, मग बघू" म्हणेल. एक वर्ष थांबलात तर 3 लाखांतला मोठा भाग गेला असं समजा. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामक संस्थेच्या 155255 या नंबरवर किंवा तिच्याच बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुण्याचे विमा लोकपाल आहेत, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

मुदत आणखी एका गोष्टीची संपत आलीय. ज्येष्ठ नागरिक बचत योजना 60 वर्षांनंतर असते, पण 55 ओलांडून निवृत्त झालेल्याला निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत तिच्यात जाता येतं. तुमच्याकडे दीड महिना उरलाय. सध्या व्याज 8.2 टक्के. पॉलिसीचे पैसे परत आले की 2 लाख अडीनडीला बाजूला ठेवा, 12 लाख पोस्टात या योजनेत टाका. दर तिमाहीला 24,600 खात्यात येतील, महिन्याला साधारण 8,200. पेन्शन तुटपुंजी असलेल्या घरात याने किराणा आणि औषधं निघतात. हप्ता परत यायला वेळ लागला तर थांबू नका, हातातल्या 11 पैकी 9 लाख आधी टाका, 3 नंतर. या पैशातला एक रुपयाही कोर्सच्या फीला लावायचा नाही. ते वडिलांचं म्हातारपण आहे.

आता कुत्र्यांचं. तुमची आवड खरी आहे आणि हात चांगला आहे, पण 60 हजारांचा आकडा सोडून द्या. लातुरात लोक एका कुत्र्याचे महिन्याला 3,000 देतात असं तुम्हीच लिहिलंय. 60 हजारांना 20 कुत्री झाली. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे नऊनंतर डांबरावर तळहात 7 सेकंद टेकवता येत नाही, त्या रस्त्यावर कुत्र्याला चालवायचं कसं? कामाचे तास सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेसहानंतर. जाण्यायेण्यासकट पाच कुत्री झाली की दिवस संपला. 15,000 मिळाले, पेट्रोल आणि खाऊचे अडीच हजार वजा, उरले साडेबारा. आजच्या पगारापेक्षा कमी.

म्हणून नोकरी ठेवा आणि सकाळी दोन कुत्री घ्या. महिना 6,000 वर येतील. वही करा: कुठल्या कुत्र्याला किती वेळ दिला, काय जमलं, मालक कुठे चुकतो. बहुतेक वेळा शिकवावं लागतं ते मालकालाच. अमेरिकेतल्या सीसीपीडीटी या संस्थेच्या प्रशिक्षक परीक्षेला बसायचं तर आधीच्या तीन वर्षांत किमान 300 तास शिकवल्याचा अनुभव लागतो. तुम्ही आठवड्याला 10 तास दिलेत तर सात महिन्यांत तेवढे होतात, तेही फी न भरता, उलट कमावून. 21 दिवसांचं प्रमाणपत्र त्यापुढे फार तोकडं आहे, आणि आपल्याकडे हे काम करायला सरकारी परवाना लागत नाही. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सुट्टीच्या दिवशी जाऊन तिथल्या डॉक्टरांना विनंती करा, घाबरलेलं जनावर ते कसं हाताळतात ते बघू द्या म्हणावं.

एक खर्च मात्र आजच करा. रेबीजची प्रतिबंधक लस तीन डोसांत घ्या: पहिला, सातव्या दिवशी आणि 21व्या किंवा 28व्या दिवशी. नंतर कुत्रं चावलं तरी जखम धुऊन दवाखान्यात जायचंच, पण डोस कमी लागतात. सोबत स्वतःचा आरोग्य विमा काढा.

वर्षभराने सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला असेल आणि कुत्र्यांसाठी लोक थांबून असतील, तर नोकरी सोडण्याचा विषय काढा. कोर्स तेव्हाही करता येईल, स्वतःच्या कमाईतून, आणि आधी तिथे जाऊन दोन दिवस बसून. काठी आणि गळा आवळणारी साखळी वापरून शिकवत असतील तर परत या.

अर्जाची पोच मिळाली की मला कळवा. कंपनीने खळखळ केली तर लोकपालांकडच्या तक्रारीचा मसुदा मी स्वतः लिहून देईन.